मेरिट काय भावानं?

कान किटले. दहावीचा निकाल लागला की मेरिट, बारावीचा लागला की मेरिट, आयआयटीची यादी लागली की मेरिटचा नुसता पूर. आणि त्या यादीत आपलं एखादं पोरगं दिसलं की मग बघायलाच नको. जो माणूस उभ्या आयुष्यात पेपरातल्या शब्दकोड्यापलीकडे कशाची काळजी करत नाही, त्यालाही एकदम देशाची काळजी लागते. म्हणे पूल पडतील! अरे बाबा, पूल आजही पडतातच. त्यांची टेंडरं कोणाच्या वाड्यावर वाटली जातात ते आधी विचार, मग माझ्या पोराचे मार्क मोज.

पण दोस्तहो, हे उत्तर आपण पन्नास वर्षं देतोय आणि ते आता बोथट झालंय. आरक्षणाचं समर्थन करायलाच हवं, त्यात तडजोड नाही. पण समर्थन करताना आपण त्यांचाच शब्द गिळून बसतो. म्हणजे मेरिट नावाची काही एक वस्तू असते, ती त्यांच्या घरात जन्मापासून जास्त, आपल्या घरात इतिहासामुळे जरा कमी, तेव्हा मायबाप सवलत द्या. मला हे कबूल नाही. एक टक्काही कबूल नाही. आयआयटीच्या दारात सतराव्या वर्षी जे मोजतात ती आठवीपासून बारावीपर्यंत भरलेल्या पैशांची पावती असते. तीच पावती आज इथं उलगडून ठेवतो.

मी कोण? एमआयडीसीत पाळी करणारा डिप्लोमावाला. पाळी सुटली की वस्तीतल्या विहारात आठवी-नववी-दहावीच्या पोरांना गणित आणि विज्ञान शिकवतो. सात वर्षं झाली. तेव्हा जे लिहितोय ते खडूच्या धुरळ्यातून लिहितोय.

आधी परीक्षा काय आहे ते सांगतो, कारण आपल्या पुष्कळ कार्यकर्त्यांना तेही ठाऊक नसतं आणि ते शिक्षणावर तासभर भाषण ठोकतात. देशात आयआयटी २३. २०२४ साली त्यांत मिळून १७,७४० जागा होत्या. आधी जेईई मेन, तिला १० लाखांवर पोरं बसतात. त्यातून वरची अडीच लाख निवडून जेईई ॲडव्हान्स्डला बसायची मुभा. २०२४ ला प्रत्यक्ष बसली १ लाख ८० हजार. एका दिवसात तीन-तीन तासांचे दोन पेपर, तेही कॉम्प्युटरवर. ॲडव्हान्स्डची संधी फक्त दोनदा आणि तीही लागोपाठच्या दोन वर्षांत. २०२४ च्या नोव्हेंबरात ती तीनदा केल्याचं जाहीर केलं आणि दोन आठवड्यांच्या आत शब्द मागे घेतला.

यूपीएससीला आपल्या पोराला ३७ व्या वर्षापर्यंत कितीही वेळा बसता येतं. कुणी विशीत जागा होतो, कुणी पंचविशीत, चालतं. इथं बारावीनंतर वर्षभरात खेळ खलास. उशिरा जागं होणाऱ्याला जागा नाही. आणि आपली पोरं उशिराच जागी होतात, कारण त्यांना उठवणारं घरात कोणी नसतं.

आता हिशेब. बारावीच्या वर्षी पुस्तक उघडून ही परीक्षा निघत नाही. अकरावी-बारावी अशी दोन वर्षं लागतात असं म्हणतात, तेही अर्धसत्य. खरी सुरुवात आठवीत होते. क्लासवाल्यांनी त्याला नाव दिलंय फाउंडेशन. पाया! शाळेत आपलं पोरगं बैजिक राशींचे अवयव पाडत असतं तेव्हा तिकडे वर्गसमीकरणं संपलेली असतात. नववीला आपल्या पोरीला त्रिकोणमितीची पहिली ओळख होते, तिकडच्या पोरानं ती दोनदा घोटलेली असते. दोघंही एकाच दिवशी अकरावीत जातात. मास्तर फळ्याकडे तोंड करून म्हणतो, हे तुम्हाला येतच असेल. एकाला येत असतं. दुसरीला वाटतं आपल्याला बुद्धीच कमी.

या पायाची फी शहरात काय आहे ते चौकातल्या होर्डिंगखाली उभं राहून फोन लावून विचारा. अकरावी-बारावीच्या बॅचला वर्षाला लाखाच्या पुढे सांगतात. बाहेरगावी गेलं तर खोली वेगळी, मेस वेगळी, टेस्ट सिरीज वेगळी. आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. गंमत बघा, सरकार शाळेत गणिताचा मास्तर देत नाही. ती शिकवण बाजारातून विकत घ्यायला गेलं की त्यावर कर मात्र घेतं. हातगाडी ओढणारा बाप महिन्याला किती आणतो? त्यात घरभाडं, औषधं, म्हातारीचा चष्मा. उरलेल्या पैशात मेरिट किती पाव किलो येईल?

कोट्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे म्हणून थोडक्यात. तिथं जे. के. सिंथेटिक्सचा कारखाना होता. त्यातल्या एका इंजिनिअरनं, व्ही. के. बन्सल यांनी, घरी शिकवण्या सुरू केल्या. १९९७ ला कारखाना बंद पडला, कामगार देशोधडीला लागले आणि गाव हळूहळू पोरांच्या परीक्षांवर जगायला लागलं. २०२३ साली तिथं विसाहून जास्त पोरांनी जीव दिला. मग प्रशासनानं हुकूम काढला की खोल्यांमधल्या पंख्यांना स्प्रिंग बसवा. पंख्यांना स्प्रिंग! ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांची पोरंसुद्धा या चरकात पिळली जातात, हे मला दिसतं, आणि त्यांच्याबद्दल मला राग नाही. राग आहे तो त्या चरकातून निघालेल्या रसाला जन्मजात गुण म्हणणाऱ्यांचा.

आपल्या महाराष्ट्रात याचीच दुसरी तऱ्हा. नाव एका ज्युनिअर कॉलेजात, पोरगं दिवसभर क्लासात. त्याला इंटिग्रेटेड म्हणतात. कॉलेजचं काम काय, तर हजेरी मांडायची. हे इतकं वाढलं की २०१८ साली सरकारनं सायन्सच्या ज्युनिअर कॉलेजांत अंगठ्याची हजेरी सक्तीची केली. अंगठा! ज्यांच्या आज्यांनी सावकाराच्या वहीवर अंगठे दिले त्यांना हा शब्द ऐकून हसू यायला हवं. तर या सगळ्यात रोज सकाळी इमानेइतबारे कॉलेजात जाऊन बसतो कोण? आपला पोरगा. रिकाम्या बाकांच्या वर्गात, कुलूप लावलेल्या प्रयोगशाळेशेजारी. नियमानं वागला म्हणून मागं पडला.

आता मुद्द्यावर येतो, आणि हा मुद्दा लक्ष देऊन वाचा. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा. तो कुठपर्यंत? सहा ते चौदा वयापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत. खासगी शाळेत २५ टक्के जागांवर आपलं लेकरू फुकट शिकतं, तेही आठवीपर्यंतच. नववीला शाळा म्हणते, फी भरा नाहीतर दाखला घ्या. आणि त्या २५ टक्क्यांवरही डोळा होता. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारनं अधिसूचना काढली की जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागा द्यायची गरज नाही. त्याच जुलैत मुंबई हायकोर्टानं ती रद्द केली.

आता दुसऱ्या टोकाला बघा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती कधीपासून? नावातच आहे, दहावीनंतर. स्वाधार योजनेचे पैसे कधी? दहावीनंतर. आयआयटीची ट्यूशन फी एससी-एसटीला माफ, अगदी खरं. २०१६ ला ती वर्षाला ९० हजारांवरून २ लाख केली तेव्हाही आपली माफी कायम राहिली. पण ती मिळते दारातून आत गेल्यावर.

म्हणजे कायद्याचा हात आठवीला सुटतो आणि मदतीचा हात दहावीनंतर पुढे येतो. मधे नववी आणि दहावी. नववी-दहावीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे म्हणा, पण तिच्या रकमेत वह्या येतात, पाया येत नाही. बरोबर याच दोन वर्षांच्या खड्ड्यावर क्लासवाल्यानं आपलं दुकान मांडलंय. दुकानदाराला जागा बरोबर कळते. केंद्राच्या शिक्षण खात्यानं २०२४ च्या जानेवारीत मार्गदर्शक सूचना काढल्या की १६ वर्षांखालच्या पोरांना कोचिंग क्लासनं घेऊ नये. सूचना कागदावर आहे, होर्डिंग चौकात आहे. तुमच्या शहरात कोणतं मोठं दिसतं ते तुम्हीच बघा.

भाषेचं घ्या. २०२१ पासून जेईई मेन १३ भाषांत होते, त्यात मराठीही आहे. वाजवा टाळ्या. पण ॲडव्हान्स्ड, जिच्यावर आयआयटी मिळते, ती फक्त इंग्रजीत आणि हिंदीत. म्हणजे अंगणापर्यंत मायबोली चालेल, उंबऱ्याच्या आत नको. जिल्हा परिषदेच्या शाळेत आपलं पोरगं शिकलं संवेग, त्वरण, जडत्व. त्याला ते कळलेलं असतं. भरलेला ट्रक आणि रिकामी सायकल यांचं उदाहरण देऊन ते लहान भावाला समजावून सांगतं. अकरावी सायन्सला त्याच गोष्टी मोमेंटम, ॲक्सिलरेशन, इनर्शिया होऊन येतात. तीन महिने त्याला वाटतं की हे सगळं नवीन आहे आणि आपल्याला येत नाही. येत असतं रे! नाव बदललेलं असतं फक्त. तोवर पहिली टेस्ट होते, रँक लागतो आणि बॅच बदलते. क्लासात टेस्टच्या मार्कांवर बॅच ठरतात, वरची बॅच आणि खालची बॅच. वरच्या बॅचला अनुभवी मास्तर, खालच्या बॅचला शिकाऊ. खालून वर जाता येतं असं सांगतात. किती जण गेले ते सांगत नाहीत. ही रचना कुठंतरी बघितल्यासारखी वाटते ना?

बाबासाहेबांना एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत घ्यायचं होतं. अस्पृश्याच्या पोराला शिकवणार नाही म्हणून मास्तरानं नकार दिला. पर्शियन घ्यावं लागलं. ही गोष्ट आपण जयंतीच्या भाषणात सांगतो, हुंदका आणतो आणि पुढं जातो. जरा थांबून बघा की नकार कुठं झाला. हायस्कुलात झाला. कोणता विषय कोणाला हे तिथं ठरत होतं आणि अजूनही तिथंच ठरतं. आता नकार द्यायला सोवळ्यातल्या मास्तराची गरज नाही. शाळेत गणिताची जागा तीन वर्षं रिकामी ठेवली की झालं. दहावीला ६० टक्के पडले की सर म्हणतात, सायन्स झेपणार नाही रे तुला, आर्ट्स घे, पोलीस भरतीची तयारी कर. प्रेमानं म्हणतात. पाठीवर हात ठेवून म्हणतात. माझ्या विहारातल्या चार पोरांना एका वर्षात हेच ऐकवलं गेलं, आणि त्यातला एक असा होता की ज्याला मी गणित घालायच्या आधी तो मला घालायचा.

जोतिरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं हेच मांडलं होतं. पैसा रयतेच्या घामातून गोळा होतो आणि तो वरच्या जातींच्या उच्च शिक्षणावर उधळला जातो, खालची शाळा मात्र उपाशी राहते. आता मधली वर्षं मोजा. खरगपूरची पहिली आयआयटी १९५१ ची. पवईची १९५८ ची. एससी-एसटीला आयआयटीत आरक्षण आलं १९७३ ला. म्हणजे स्वतंत्र देशाच्या पैशानं उभ्या राहिलेल्या या संस्थांत २२ वर्षं आपल्याला राखीव बाकडंच नव्हतं. ओबीसींना तर २००८ उजाडावं लागलं. त्या २२ वर्षांत जे शिकले त्यांची पोरं, त्यांची नातवंडं आज आठवीच्या फाउंडेशनला आहेत. घरात एक आजोबा आयआयटीवाला असणं म्हणजे काय असतं, हे क्लासच्या फीमध्येसुद्धा मोजता येत नाही.

आणि मेरिटचा एवढा पुळका होता तर १९८३ साली कुठं होता? त्या साली वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं. साखरसम्राटांनी कॉलेजं काढली, डोनेशनच्या थैल्या मोजल्या गेल्या. ते इतकं बोकाळलं की १९८७ ला कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला. पैसे मोजून इंजिनिअर झालेल्यांच्या पुलाबद्दल तेव्हा कुणी रस्त्यावर आलेलं मला तरी आठवत नाही.

आपल्याला कट-ऑफ अर्धा असतो, हे ते ओरडून सांगतात. असतो. लपवायचं काय त्यात? पण डिग्रीचा पेपर अर्धा नसतो. आत गेल्यावर तीच परीक्षा, तेच क्रेडिट, तोच प्रोफेसर. ज्यानं पाया विकत घेतला नाही, ज्याचा अर्धा रस्ता अनवाणी गेला, तो तिथवर पोहोचला आणि तोच पेपर देतोय. दोन पोरांनी सारखा डोंगर चढला, एक गाडीरस्त्यानं, एक कपारीतून. वर पोहोचायला उशीर झाला म्हणून कुणाच्या पायांत बळ कमी ठरतं, ते गिर्यारोहणवाल्यांना विचारा.

पैशाचा प्रश्न म्हटलं की काही शहाणे म्हणतात, आता तसं राहिलं नाही. दोन गोष्टी सांगतो, दोन्ही सुप्रीम कोर्टाच्या दप्तरी आहेत. २०२१ साली आपल्यातल्या एका पोराला पवईची सीट मिळाली, पण ऐनवेळी कार्डानं पैसे गेले नाहीत आणि सीट गेली. कोर्टानं नोव्हेंबरात त्याला जागा द्यायला लावली. २०२४ ला मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका मजुराच्या पोराला धनबादची सीट लागली. भरायचे होते १७,५०० रुपये, मुदत २४ जून, संध्याकाळी पाच. बापानं गावातून पैसे गोळा केले, पण वेळ थोडक्यात हुकली. त्या पोराला दिल्लीपर्यंत लढावं लागलं. ३० सप्टेंबर २०२४ ला कोर्टानं निकाल दिला आणि सीट परत मिळाली. दोघांची परीक्षा पास होती, रँक होता, सगळं होतं. अडलं कुठं, तर गल्ल्यावर. हे दोघं कोर्टाच्या पायऱ्या चढले म्हणून आपल्याला कळले. जे घरी परतले आणि कामाला लागले त्यांचा खटला कोणत्या दप्तरात आहे?

इथं आपलेच काही मित्र मला अडवतात. म्हणतात, कशाला पाठवतोस तिथं पोरं? मारायला? मी या प्रश्नाला टाळणार नाही. १२ फेब्रुवारी २०२३ ला पवईत दर्शन सोळंकी गेला. पहिल्या वर्षाचा पोरगा. संस्थेच्या समितीनं सांगितलं की जातीच्या छळाचा थेट पुरावा मिळाला नाही, अभ्यासात मागं पडत होता. त्याच वर्षी जुलैत त्याच संस्थेनं सूचना काढल्या की कुणी कुणाला जेईईचा रँक विचारू नये, कारण त्यातून जात विचारली जाते. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा. जात नव्हती तर रँक विचारण्यात अडचण काय होती? २०२३ च्या डिसेंबरात संसदेत आकडा आला की पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठं, आयआयटी आणि आयआयएम मिळून १३ हजारांहून जास्त एससी, एसटी, ओबीसी पोरांनी शिक्षण अर्ध्यात सोडलं.

तरीही मी म्हणतो, जायचं. एकटं जायचं नाही, पण जायचं. ज्या संस्थेत पाच जण असतात तिथं माणूस गप्प बसतो, पन्नास असतात तिथं मंडळ निघतं, जयंती होते, जाब विचारला जातो. आयआयटी म्हणजे भांडवलदारांचे नोकर घडवायचा कारखाना आहे, अमेरिकेला माल पुरवायचं गोदाम आहे, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी माझं फार भांडण नाही. पण हे वाक्य मी ज्यांच्या तोंडून ऐकतो त्यातल्या कित्येकांची पोरं क्लासला असतात. नको म्हणायचा अधिकार ज्याला मिळू शकतं त्याचा. आमच्या पोरीनं सीट हातात घेऊन मग ती नाकारावी, मी तिच्या बाजूनं उभा राहीन.

पोरीवरून आठवलं. नववीत एक पोरगी येते माझ्याकडे. बाप मार्केट यार्डात हमाल. वर्तुळावरचं एक प्रमेय मी फळ्यावर मांडलं, तिनं हात वर केला, म्हणाली, दादा, असंबी येतंय. पुस्तकात नसलेली सिद्धता. तीन ओळींची. मी घरी जाऊन दोनदा तपासली, चूक सापडेना. तिच्या बापाला भेटलो. माणूस चांगला, जयंतीला निळा फेटा बांधणारा. म्हणाला, दहावी हू द्या, मग बघू. मी म्हटलं, मामा, मग बघायला काही उरत नाही. ते त्याला पटलं, पण सात वाजता अंधार पडतो आणि विहारापर्यंतच्या गल्लीत दिवा नाही. आम्ही पोरींचा वर्ग पहाटे साडेपाचला घेतला तर पाणी त्याच वेळेला येतं. नळाची वेळ आणि न्यूटनचे नियम यांचं हे भांडण कोणत्या जेईईच्या अभ्यासक्रमात आहे? आयआयटीनं २०१८ पासून मुलींसाठी वाढीव जागा ठेवल्या, चांगलं केलं. त्या जागांवर हमालाच्या पोरी किती, एवढा एकच प्रश्न विचारत राहायचा. शेवटी वस्तीतल्या चार बायांनी आळीपाळीनं पोरींना न्यायचं-आणायचं ठरवलं आणि वर्ग संध्याकाळीच ठेवला. दिव्यासाठी नगरसेवकाकडे अर्ज दिलाय. तिसरा.

आता आपल्या चळवळीला चार शब्द, आणि राग आला तर येऊ द्या. शहरातल्या जवळजवळ प्रत्येक वस्तीत आपली एक अभ्यासिका आहे. भिंतीवर बाबासाहेब, खाली ट्यूबलाइट, टेबलावर मान खाली घातलेली पंचवीस-अठ्ठावीसची पोरं. एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती. चांगलंच आहे, नोकरी लागते, घर उभं राहतं. पण आठवी-नववीचं पोरगं त्या अभ्यासिकेच्या दारात आलं तर आपण त्याला काय म्हणतो? गडबड करू नको, बाहेर खेळ. ज्या वयात तिकडे पाया भरला जातो त्या वयात आपण आपल्या पोराला बाहेर खेळायला पाठवतो, आणि ज्या वयात तिकडचं पोरगं परदेशी विमानात बसतं त्या वयात आपण आपल्या पोराला खुर्ची देतो. पंचविसाव्या वर्षीच्या पोराला खुर्ची देऊच नका असं मी म्हणत नाही. पण खुर्च्या वीस असतील तर दहा आठवीच्या पोरांना ठेवा.

बाबासाहेबांनी क्रम काय लावला होता तो बघा. सिद्धार्थ कॉलेज १९४६ चं, मिलिंद १९५० चं. पण त्याच्या वीस वर्षं आधी, १९२५ साली, बहिष्कृत हितकारिणी सभेनं सोलापुरात वसतिगृह काढलं, ते हायस्कुलात शिकणाऱ्या पोरांसाठी. आधी हायस्कुलातल्या पोराला छप्पर आणि भाकरी, मग कॉलेज. आपण क्रम उलटा केला. आपण कॉलेजच्या गेटवर मोर्चा नेतो, शाळेच्या गेटवर जात नाही. शाळेत गणिताचा मास्तर नाही म्हणून आपल्या संघटनेनं शेवटचा मोर्चा कधी काढला होता? डीजेचा आवाज किती डेसिबल ठेवायचा यावर मात्र आपल्या तीन बैठका झाल्या, त्यातल्या दोनला मी होतो.

आपल्यातले जे वर गेलेत, ज्यांची पोरं क्लासला जातात, त्यांना शिव्या घालायची फॅशन आहे. मी घालत नाही. त्यांच्या पोरालाही आत गेल्यावर रँक विचारतातच. पण त्यांच्याकडे जुन्या टेस्टांचे गठ्ठे असतात, छापील नोट्सची खोकी असतात, पोरगं पास झालं की ती रद्दीत जातात. किलोवर. ती रद्दीवाल्याच्या आधी आपल्याकडे आली पाहिजेत. मी गेल्या वर्षी अशी सहा खोकी आणली. पोरांना इंग्रजी अडतं म्हणून वहीत दोन रकाने पाडून दिले, डावीकडे संवेग, उजवीकडे मोमेंटम. आठवीपासून. अकरावीला दचकायला होऊ नये म्हणून, बाकी त्यात काही शास्त्र नाही.

आणि कुणी म्हणेल की विहारात खडू घेऊन उभं राहून आयआयटी होते का? पाटण्याला आनंद कुमारनं २००२ पासून तीस-तीस गरीब पोरं घेऊन दाखवलं. नवोदय विद्यालयातली पोरं निवडून त्यांना फुकट शिकवणारी दक्षणा संस्था आपल्या पुणे जिल्ह्यातच आहे. राहायला जागा, दोन वेळचं जेवण, शिकवणारा माणूस, दोन वर्षं. एवढं दिलं की भूमिहीनाचं पोरगं निघतं. म्हणजे कमी काय होतं ते कळलं. पण या संस्था निवडून घेतात. हजारातून दहा. उरलेल्यांचं काय, याचं उत्तर कोणत्याही दात्याकडे नसतं, ते सरकारकडूनच वसूल करावं लागतं.

ते कुठून वसूल करायचं? समाजकल्याण खात्याच्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींसाठी शासकीय निवासी शाळा आहेत, सहावी ते दहावी. इमारती आहेत, खाटा आहेत, मेस आहे. जो खड्डा मी वर सांगितला त्याच्यावर बांधलेला पूल आधीच उभा आहे, फक्त त्यावरून कोणी चालत नाही. माझी मागणी साधी आहे. या प्रत्येक शाळेत आठवीपासून गणित आणि विज्ञानाचे पूर्णवेळ मास्तर, कॉम्प्युटर चालू अवस्थेत, आणि दहावीनंतर त्याच छपराखाली अकरावी-बारावी सायन्स. कुठल्या खासगी क्लासला कंत्राट देऊन नको, ते पैसे पुन्हा त्याच दुकानात जातात. शाळेचा मास्तर शाळेतच शिकवेल असं हवं. आणि ॲडव्हान्स्डचा पेपर मराठीत. मेन होऊ शकतो तर तोही होऊ शकतो.

यासाठी आधी आपल्याकडे आकडे पाहिजेत. शाळा १५ जूनच्या सुमारास उघडतात. त्याआधी आपापल्या वस्तीत फिरून एवढं मोजून घ्या. आठवी ते दहावीची पोरं किती, त्यात पोरी किती, शाळेत गणिताला मास्तर आहे की नाही, विज्ञानाची खोली उघडी असते की बंद, आणि दहावीनंतर सायन्स घेऊ नको असं किती जणांना सांगितलं गेलं. जवळ शासकीय निवासी शाळा असेल तर तिथं जाऊन किती खाटा भरलेल्या आहेत तेही बघून या. साध्या कागदावर लिहून अंकाच्या पत्त्यावर पाठवा. नावं घालू नका, वस्ती आणि तालुका पुरे. जूनअखेरपर्यंत आलेलं पुढच्या अंकात छापू आणि तोच अंक घेऊन समाजकल्याण आयुक्तांकडे जाऊ.